बाबांच्या नावची कार्डं

१२ एप्रिल, शनिवार. किशिनाव

जी गोष्ट बरोबर आहे ती दुसऱ्या माणसाकडून करवून घेतली, तर ती बरोबरच राहते का? दुपारपासून हा प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. आई हो म्हणाली आहे, म्हणजे खरं तर प्रश्न संपायला हवा.

आईनं मार्चमध्ये इटलीतल्या पादोव्हाहून मिनीबसनं पाठवलेली खोकी माझ्या खोलीत पलंगाखाली आहेत. कप, टॉवेल, थोडे लोकरी मोजे, असं तिनं फोनवर सांगितलं. ईस्टरनंतर आठवड्यानं येणाऱ्या मृतांच्या ईस्टरला बाबांच्या कबरीपाशी त्यांच्या नावानं वाटायची पोमाना. नोव्हेंबरमध्ये बाबा गेले तेव्हा तिला येता आलं नव्हतं. ती ज्या इटालियन म्हातारीची देखभाल करते त्या सिन्योराचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यांच्याजवळ राहायला दुसरं कोणी नव्हतं. मी शवपेटीवर फोन धरून उभी राहिले, तिनं तिकडून पाहिलं. त्यानंतर हिवाळाभर ती हे जमवत होती.

पण आमच्या पेत्रिचेनी गावात प्रत्येक घराच्या कपाटात अशा कपांच्या रांगा आहेत. यंदा मी तुला देते, तू मला देतेस, आणि दोघींची कपाटं होती तेवढीच भरलेली. यातून कोणाचं भलं होतं? आणि जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात, जिथे आमची संस्था काम करते, म्हातारी माणसं कान तुटलेल्या कपांतून चहा पितात. मी स्वतः पाहिलंय. म्हणून मी आईला फोन केला आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळीच खोकी?"

मी म्हटलं, सगळीच.

"एखादं ठेवू या का? वेराला, शेजारच्यांना द्यायला?"

मी म्हटलं, अर्धंमुर्धं पाळलेलं तत्त्व हे तत्त्वच नसतं. तिकडून सिन्योराची हाक ऐकू आली. आई घाईनं म्हणाली, "बरं. तू शिकलीस, तुला कळतं." हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि तरी तिनं एवढं मोठं मन दाखवलं.

राझवानही येणार आहे त्या वेळी. सीमेपलीकडे याशला शिकताना आम्ही एका वर्गात होतो, त्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. त्याचा या निर्णयाशी संबंध नाही. कबरीवर मांडलेले चकचकीत कप आणि वाघाचं चित्र असलेले टॉवेल त्याला दाखवताना मला कसंसंच झालं असतं हे खरं आहे, पण ते कारण नाही.

१५ एप्रिल

खोकी पोहोचवली. व्यवस्थापकबाईंनी सही करून घेतली, खोक्यांसोबत माझा फोटो काढला.

मला आणखी एक कल्पना सुचली. लोक आमच्याकडे येतील तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवंच. म्हणून ऑफिसच्या छपाईयंत्रावर मी कार्डं छापली. वर लायलॅकची डहाळी, खाली: ‘एफिम बोत्नारू यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबानं आपली पोमाना वृद्धाश्रमाला दिली आहे. तुमच्या हाती येणारी भेट एका एकाकी वृद्धापर्यंत पोहोचली आहे.’ जाड कागद, मऊसर रंग. फार सुंदर झाली आहेत. ऑफिसमधल्या मुली म्हणाल्या की हे सगळ्या देशात सुरू व्हायला हवं.

१७ एप्रिल. पेत्रिचेनी

आई आली. मिनीबसमधून उतरली तेव्हा पाय सुजून बुटांच्या बाहेर आले होते. मला धरून बराच वेळ उभी राहिली, मग बाकी बायकांची पार्सलं उतरवायला मदत करू लागली.

घरी आल्यावर चहा घेताना विचारलं, "खोकी दिलीस?"

दिली म्हटलं.

"त्यात निळ्या किनारीचे कप होते. दिसले ना? पादोव्हाच्या बाजारात मी तीनदा फिरून घेतले ते. तुझ्या बाबांना निळा आवडायचा."

मी खोकी उघडली नव्हती. तसं सांगितलं. ती म्हणाली, "उघडलीच नाहीस?" आणि मग लगेच, "कशाला उघडायची म्हणा, चांगली बांधलेली होती."

मी तिला कार्ड दाखवलं. तिनं हात पुसून घेतले, मगच धरलं. डहाळी छान आली आहे म्हणाली.

२१ एप्रिल

काल ईस्टर. ‘ख्रिस्त उठला’, ‘खरंच उठला’ म्हणत लाल अंड्यावर अंडं आपटलं, दर वर्षीप्रमाणे. बाबांचं अंडं कधी फुटायचं नाही, ते आधी दातांवर वाजवून कठीण अंडं निवडायचे. यंदा आईचं पहिल्याच फटक्यात फुटलं.

चर्चबाहेर वेरा मावशी भेटल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरून ठेवले. आता पुढच्या सोमवारी वर टेकडीवर दफनभूमीत भेटू, म्हणाल्या. सगळे येणार आहेत, तुझ्या हातून घ्यायला. मागच्या वेळी तू नव्हतीस, आता तू स्वतः देशील, तेव्हा कुठे एफिमला बरं वाटेल.

आई हसली. दुपारी टेकडीवर जाऊन कबरीच्या कडेला चुना लावून आली.

२६ एप्रिल

राझवानला आणायला याशला गेले होते. परत येताना सीमेवरच्या प्रुत नदीवर गाड्यांची लांब रांग. इटलीच्या, जर्मनीच्या, पोर्तुगालच्या पाट्या, टपावर बांधलेल्या गाद्या, सायकली, एकावर तर आख्खा फ्रिज. वर्षभर रिकामा असलेला देश या आठवड्यात भरतो. दोन्ही काठांवर बाभूळ फुलायच्या बेतात आहे.

राझवानच्या खांद्यावर भलीमोठी पिशवी होती. नाक्यावरच्या शिपायानं ती दाबून पाहिली, मग माझ्या हातातली छोटी पर्स पाहिली आणि विचारलं, मृतांच्या ईस्टरला निघालात ना, मग मुलीचे मृत उपाशी राहणार वाटतं. राझवान हसला. मी शिपायाला पोमानेच्या सामाजिक खर्चाबद्दल दोन वाक्यं सांगितली. त्यानं शिक्का मारला.

आईला राझवान आवडला. त्यानं तीनदा वाढून घेतलं. तो जेवत असताना ती मला हळूच म्हणाली, "याला सांगितलंस का कार्डांचं?" अजून नाही म्हटलं. तिथेच दाखवेन. मला त्याचा चेहरा पाहायचा आहे.

२८ एप्रिल, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. पण आज लिहिलं नाही तर उद्यापर्यंत मी हे स्वतःला वेगळंच सांगायला लागेन.

सकाळी टेकडीवर गेलो. सगळं गाव वर होतं. प्रत्येक कबरीवर गालिचा, त्यावर वेणी घातलेले कोलाच पाव, लाल अंडी, वाईन, आणि वाटायच्या वस्तूंचे ढीग. आमच्या कबरीवर आईनं नवं कापड अंथरलं, कोबीच्या पानांत भात भरून केलेली सारमाले ठेवली, बाबांनी स्वतः केलेल्या शेवटच्या वाईनचा घडा ठेवला. मधोमध मी कार्डांची टोपली ठेवली. राझवाननं एक कार्ड उचलून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि कप?" मी म्हटलं, हेच. त्यानं कार्ड टोपलीत परत ठेवलं. मला वाटलं, भारावला असेल.

पाद्री येऊन नावं वाचून, कबरीवर वाईन शिंपडून गेले. मग देणं-घेणं सुरू झालं. पहिल्या वेरा मावशी आल्या. त्यांनी आईच्या हातात कोलाच ठेवला, त्यावर पेटती मेणबत्ती आणि फुलाफुलांचा कप. म्हणाल्या, माझ्या आंद्रेईसाठी. आई म्हणाली, "बोग्दाप्रोस्ते, देव त्याला क्षमा करो." मग आईनं टोपलीतून कार्ड उचललं, "एफिमसाठी" म्हणाली आणि पुढे केलं.

वेरा मावशींनी ते घेतलं. उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. त्यांचा दुसरा हात अजून पुढेच होता, कप घेण्यासाठी असतो तसा. तो त्यांनी हळूच मागे घेतला. "बोग्दाप्रोस्ते," त्या म्हणाल्या, पण कार्डाकडे बघत, जणू ते बरोबर आहे का याची खात्री नसावी.

मग दुसरे आले, मग तिसरे. आईच्या बाजूला लोकांनी दिलेले कप वाढत गेले आणि आई प्रत्येकाच्या हातात कार्ड देत गेली. वर्षभर पोर्तुगालात बांधकामावर राबून आलेल्या माणसानं टॉवेल दिला, त्याला कार्ड. शेजारच्या म्हाताऱ्यानं कप दिला, त्याला कार्ड. त्याला वाचता येत नाही, त्यानं ते खिशात ठेवलं आणि पुन्हा तिथेच उभा राहिला, वाट बघत.

मग आगाफियाबाई आल्या. खालच्या आळीत राहतात, गावात त्यांच्या तोंडाला सगळे घाबरतात. कार्ड घेऊन डोळ्यांजवळ नेलं.

"हे काय लिदिया? पावती?"

मागे कोणीतरी हसलं. आईनं वृद्धाश्रमाचं सांगितलं. आगाफियाबाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांना दिलंस, चांगलंच केलंस, पण देताना एफिमचं नाव कोणी घेतलं का? मेणबत्ती लावली? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी सही केली होती आणि फोटो काढून घेतला होता.

"मग तो तिकडे पिणार कशातून? या कागदातून?"

इथे जे नाव घेऊन देतो ते तिकडे त्या माणसाला मिळतं, अशी समजूत आहे. माझ्या पदवीच्या प्रबंधात त्यावर एक पूर्ण परिच्छेद आहे. पण मी आईचा चेहरा पाहिला. तिच्यासाठी ती समजूत नव्हती. दगडावरच्या बाबांच्या फोटोकडे ती अशी बघत होती, जसं कोणी लांबून घरी यावं आणि आपण त्याला पाणीसुद्धा विचारायला विसरावं.

आणि मग ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं पोरीला. तिकडे इटलीत असंच करतात."

मी तिथेच होते. हातभर अंतरावर. मी वाकून मेणबत्ती सरळ करत होते. ती मेणबत्ती सरळच होती.

"इटलीत काय करतात ते राहू दे," आगाफियाबाई म्हणाल्या. "नोव्हेंबरातही तू इटलीतच होतीस."

राझवाननं त्याची पिशवी उघडली. त्याच्या आईनं त्याला टॉवेलात गुंडाळलेले कप दिले होते, दफनभूमीत रिकाम्या हातानं जाऊ नको म्हणून. त्यानं ते आईपुढे धरले. आई म्हणाली, नको रे बाळा, हे घरचंच द्यावं लागतं, दुसऱ्याच्या हातातलं घेऊन मी कसं देऊ. तेव्हा त्यानं ते त्याच्या आजोबांच्या नावानं वाटले. याशच्या डॉक्टरांचा मुलगा, त्याला सगळं येत होतं, कोलाच कसा धरायचा, काय म्हणायचं.

घरून आणावेत तर आमच्या कपाटातले सगळे कप कोणा ना कोणाच्या मृतांच्या नावचे. ते दुसऱ्यांदा देता येत नाहीत. दुकान सणाचं बंद.

आईनं वेरा मावशींना हाक मारली. डोक्याचा रुमाल सोडला, चार घड्या घातल्या, त्यावर कोलाच ठेवला, मेणबत्ती लावली. "एफिमसाठी." वेरा मावशी रडल्या. मग आईनं अंगातला स्वेटर काढून त्या वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला दिला. मग कमरेचं एप्रन. मग काढून देण्यासारखं काही उरलं नाही. लोक तरी येत राहिले, कारण माणसं चांगली आहेत, विधवेला टाळून पुढे जात नाहीत. आई उघड्या डोक्यानं, वाऱ्यात, नुसती घेत राहिली आणि बोग्दाप्रोस्ते म्हणत राहिली.

माझ्या अंगात जाकीट होतं. नवं, चांगलं. तेव्हा मला ते सुचलं नाही असं लिहिणार होते. सुचलं होतं. राझवान बघत होता.

२९ एप्रिल

राझवान गेला. गुरुवारपर्यंत राहणार होता, पण त्याला काहीतरी काम निघालं. जाताना त्यानं आईचा हात चुंबला. बसथांब्यापर्यंत मी त्याला वृद्धाश्रमाबद्दल सांगत होते, तिथली परिस्थिती, कानतुटके कप. त्यानं सगळं ऐकलं. बस येताना दिसली तेव्हा म्हणाला, "ओलेस्या, तुझी आई कालपासून उघड्या डोक्यानं फिरतेय. तिच्याकडे दुसरा रुमाल नाही बहुतेक."

एवढंच. याशला पोहोचल्यावर कळवतो म्हणाला. अजून कळवलं नाही. बस उशिरा पोहोचली असेल.

घरी आले तर आई मिळालेले कप धुऊन कपाटात लावत होती. एकेक ठेवताना नाव घेत होती, हा आंद्रेईचा, हा छोट्या नताशाचा, हा पाद्रीणबाईंचा. मी म्हटलं, आई, काल तू असं का सांगितलंस? ती म्हणाली, काय सांगितलं? आणि पुढचा कप पुसायला घेतला.

मी म्हटलं, मी गावात जाऊन खरं सांगते. तेव्हा ती वळली.

"खबरदार. लिदिया रिकाम्या हातानं आली, हे लोक म्हणतील आणि विसरतील. शिकलेल्या पोरीनं आईला कबरीवर उघडं पाडलं, हे कोणी विसरायचं नाही. तू तोंड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. कालही ठेवलंच होतं, आणि ते तर कोणी न सांगता.

१ मे

शनिवारी तिची परतीची मिनीबस. ती सामान बांधत होती, मी मदत करते म्हणून नुसती मध्ये मध्ये येत होते. मी म्हटलं, जूनमध्ये पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या शनिवारी मृतांचा उन्हाळी दिवस येतो, तेव्हा परत ये. तेव्हाही पोमाना देतात. ती म्हणाली, एका उन्हाळ्यात दोनदा रजा कोण देतं, तिच्या जागी राहायला कोणी मिळालं तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, मग मी देते तुझ्या वतीनं. सगळं रीतीनं, मेणबत्ती लावून.

"नको," ती म्हणाली. "तू देऊ नकोस."

तेव्हा मी विचारलं, "मग तुला काय हवंय?"

विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी तिला पहिल्यांदाच विचारते आहे. आईच्याही लक्षात आलं असावं. तिनं एक पातेलं घासायला घेतलं. ते स्वच्छ झालं तरी घासत राहिली.

"मातीची वाडगी हवीत," ती शेवटी म्हणाली. "आपल्या बाजारातली, इटलीची नकोत. त्यात दूधभात, वर चेरीचे घोस. घरोघर मी स्वतः जाईन, पहिली आगाफियाकडे. बाबांचं नाव मी घेईन." मग पातेल्याकडे बघत, "आणि तू त्या दिवशी इथे नसलीस तर बरं होईल. तू असलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघत बसते, बरोबर करतेय का म्हणून."

मी अंगणात गेले. अक्रोडाखाली बराच वेळ उभी होते. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली होती, मला लागू नये म्हणून.

मग मी पादोव्हाला सिन्योराच्या मुलीला, दोनातेल्लाला, फोन लावला. माझं इटालियन मोडकंतोडकं आहे, पण तिला कळलं. बदली माणूस असेल तर तिची हरकत नव्हती. एवढंच विचारलं की मला तिच्या आईला उचलता येईल का. मी हो म्हटलं. मी आजवर कोणाला उचललेलं नाही.

आईला सांगितलं तर तिनं पातेलं खाली आपटलं.

"म्हातारीची लंगोट बदलायला शिकवलं नाही मी तुला."

मी म्हटलं, "आई, कुठलंही काम कमी नसतं." आमच्या प्रशिक्षणवर्गात मी हे वाक्य नेहमी म्हणते. घरात ते फार विचित्र ऐकू आलं.

"ते तुझ्या ऑफिसात सांग. तू यात पडू नयेस म्हणून मी गेले ना? मग मी गेले कशाला? तुझ्या बापाला शेवटचं बघितलं नाही मी."

मी म्हटलं, "तूच आत्ता म्हणालीस ना, मी इथे नको म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा. मग तोंडाला टॉवेल लावून रडली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

२ मे

सकाळी आईनं मला खोलीत बोलावलं. ती पलंगावर ताठ आडवी पडली होती, हात अंगाजवळ.

"मी सिन्योरा. उचल."

मी काखेत हात घातले. "मोडशील म्हातारीला. पाठीखाली हात घाल, दुसरा गुडघ्यांखाली. आधी स्वतः वाक, मग ओढ. अगं, मैद्याचं पोतं नाही, माणूस आहे." पुन्हा. पुन्हा. ती सिन्योरासारखी कुरकुरत होती, हात थंड आहेत म्हणून ओरडत होती, इटालियनमध्ये शिव्या देत होती. दोघीही हसत होतो. मग एकदा बरोबर जमलं आणि ती माझ्या हातांवर उचलली गेली. माझ्या वाटण्यापेक्षा फार हलकी आहे ती.

ऑफिसला कळवलं. जूनपर्यंत जागा राखता येणार नाही म्हणाले. आईला हे सांगितलेलं नाही.

६ मे, मंगळवार. पादोव्हा

परवा दुपारी पोहोचले. मिनीबसमध्ये सगळ्या बायकाच होत्या, सगळ्या इथे कोणा ना कोणा म्हातारीला सांभाळणाऱ्या. हंगेरीच्या पेट्रोलपंपावर त्यांनी आपापली सारमाले काढली आणि मला भरवली. ही लिदियाची मुलगी, तिच्या सीटवर आलीय, असं एकमेकींना सांगत होत्या. कोणी विचारलं नाही की शिकून सवरून का.

शनिवारचं लिहायचं राहिलं आहे.

बसथांब्यावर निम्मं गाव होतं, इटलीतल्या आपल्या माणसांसाठी पार्सलं घेऊन. आगाफियाबाई बहिणीसाठी चीज घेऊन आल्या होत्या. माझी बॅग चढताना पाहिली आणि आईला म्हणाल्या, "काय गं, आता पोरीलाही लावलंस कामाला? कार्डांचे पैसे फेडायचेत वाटतं."

आईनं माझा दंड धरला. बोलू नको, असा. मी तिचा हात सोडवला. तो सोडवताना जोर लावावा लागला.

मी म्हटलं, "कार्डं माझी होती. आईला कप द्यायचे होते. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. आणि त्या दिवशी ती माझ्यासाठी खोटं बोलली तेव्हा मी ऐकत उभी होते."

आवाज लहान निघाला माझा. तरी सगळ्यांना ऐकू गेला. आगाफियाबाईंनी चीजची पिशवी माझ्या हातात दिली.

"ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. म्हणे इटलीत कार्डं वाटतात. माझी बहीण आठ वर्षं तिकडे आहे, तिनं कधी पाहिली नाहीत. हे उन्हात ठेवू नकोस, वास येतो."

बस्स. एवढंच झालं. माझ्या डोळ्यांपुढे मी किती वेळा हे बोलून पाहिलं होतं, आणि दर वेळी शेवटी कोणीतरी मला जवळ घ्यायचं. इथे वेरा मावशी पार्सल मोजत होत्या आणि चालक ओरडत होता.

आई तोंड फिरवून उभी होती. तिनं जे नको म्हटलं होतं नेमकं तेच मी केलं होतं, आणि तिचं म्हणणं मी पुन्हा एकदा ऐकलं नव्हतं. मी बसमध्ये तिच्या जागेवर जाऊन बसले. मला वाटलं, ती येणार नाही. मग बस हलायच्या बेतात असताना ती खिडकीशी आली. वेरा मावशींनी दिलेला कुठलातरी जुना रुमाल डोक्याला होता. काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली.

"सकाळी आधी पाणी द्यायचं, मग गोळ्या," ती म्हणाली. "उलटं केलंस तर तिला मळमळतं. नीट ऐकलंस ना?"

आज सकाळी आधी पाणी दिलं, मग गोळ्या दिल्या.